मत्स्यकन्येचं गाणं

“हात लावू नकोस. हाताला वास येतो तुझ्या.”

चंपाबाई ट्रंकेवर पाय पसरून बसली होती. मी खाली वाळूत, हातात सुताचा तुकडा. तिच्या कमरेचं माप पाहिजे होतं, मांडीचं, घोट्याचं. मी सूत पुढं केलं तसे तिनं पाय आखडून घेतले आणि नाकाला पदर लावला. तंबूचा मालक बाजूला विडी ओढत उभा होता. म्हणाला, “राहू दे. तुझ्याच अंगावर घे माप. बाई ती बाई, फरक काय पडतो?”

मग मी माझ्याच पायांवर माप घेतलं. त्यांच्यासमोर, लुगड्यावरून, सुताला गाठी मारत. मला राग आला नाही. खरं सांगते, नाही आला. वीस वर्षांची होते आणि हे इतक्यांदा ऐकलं होतं की त्याचं काही वाटेनासं झालं होतं. लोक मासळी जवळ घेतात आणि मासळीवालीला लांब उभं करतात. हे मला चालायला लागल्यापासून ठाऊक.

आमचं गाव अलिबाग आणि रेवदंड्याच्या मधलं, समुद्राला लागून. कोळीवाड्यातून बाजारात जायचा सरळ रस्ता देवळाच्या आळीतून. पण डोक्यावर टोपली असलेल्या कोळणीनं त्या आळीतून जायचं नाही. कुणी कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं. आजी गेली नाही म्हणून माझी आई, आमची आयस, गेली नाही, आयस गेली नाही म्हणून मी गेले नाही. आम्ही मागून जायचो, केवड्याच्या बनातून, तापलेल्या वाळूतून. आळीच्या टोकाला रावसाहेबांचा बंगला होता. सरकारी नोकरीतून पेन्शन घेऊन आलेले. त्यांना रोज ताजी मासळी लागायची. आयस मागच्या दाराशी टोपली घेऊन उभी राहायची. मासे पाटीत टाकायचे, पायरीवर ठेवलेले पैसे उचलायचे, निघायचं. त्या बंगल्याचं पुढचं दार कसं आहे ते आमच्यातल्या कुणी जवळून बघितलेलं नव्हतं.

तर जत्रा. मिठाचा सत्याग्रह होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मार्गशीर्षात आमच्याकडं आठ-दहा दिवस जत्रा भरायची. मुंबईहून आगबोटीनं धरमतरला आणि तिथून बैलगाड्यांनी तंबू यायचे. पाळणे, बुटक्याला उंच दाखवणारे आरसे, आणि त्या वर्षी नवीन आली ती मत्स्यकन्या. अर्धी बाई, अर्धी मासळी. तंबूवर मोठं चित्र टांगलं होतं. मालक पूर्वी नाटक कंपनीत पडदे रंगवायचा. त्यानंच ते काढलं होतं.

पहिल्या दिवशी आम्ही पाच-सहा जणी बघायला गेलो. आत काचेची मोठी पेटी, तिच्यात पाणी, पाण्यात बोयटाची बारकी पिल्लं फिरताहेत, आणि त्यांच्यामागं वाळूवर आडवी पडलेली बाई, तीच चंपाबाई. मोकळे केस, गळ्यात मोत्यांच्या माळा, कमरेखाली हिरवं शेपूट. आणि आमच्यातली एक म्हातारी मोठ्यानं बोलली, “यो मासा मागं मागं पोवतं काय गो?”

आम्ही हसत सुटलो. कारण शेपटावरची खवलं उलटी होती. मासळीची खवलं डोक्याकडून शेपटाकडं मिटलेली असतात, पाणी वरून घसरून जायला. मालकानं कापडावर ती उलटी रंगवली होती, शेपटाकडून डोक्याकडं. मुंबईत, पुण्यात कुणाला कळलं नसेल. आमच्या गावात शेंबड्या पोरालाही कळतं. संध्याकाळपर्यंत उलट्या मासळीची गोष्ट जत्राभर झाली. लोक तिकीट काढण्याऐवजी तंबूच्या दाराशी येऊन खिदळायला लागले.

मालक कोळीवाड्यात आला. शेपूट नीट करून देणारं कोण आहे का, विचारायला लागला. जाळी विणण्यात आणि तुनण्यात माझा हात चांगला होता, म्हणून सगळ्यांनी मला पुढं केलं. तेव्हाच ते माप.

मी दोन दिवस बसून शेपूट केलं. गोणपाटाचं. त्यावर जिताड्याची खवलं, रुपयाएवढी एकेक. मासे कापायच्या जागेवर ढीग पडलेले असतात, आयसनं टोपलीभर वेचून आणली. धुतली, वाळवली, प्रत्येकाला दाभणानं भोक पाडलं आणि ओळीनं शिवत गेले, सुलटी. पाठीमागची शिवण मात्र साखळीची घातली, धान्याच्या पोत्याचं तोंड शिवतात तशी. सुताचं एक टोक कमरेशी मोकळं ठेवलं. ते धरून ओढलं की शिवण सरसर उसवते, कमरेपासून पावलापर्यंत. रोज घालायचं, रोज काढायचं, मग कात्री कशाला हवी? मी हे कौतुकानं केलं होतं. शेपूट पुरं झालं तेव्हा उन्हात धरलं तर डोळे दिपले. आयस म्हणाली, “जिता मासा वाटतंय.” मला फार बरं वाटलं.

ते चंपाबाईला चढलंच नाही. ती अंगानं भरलेली, मी काटकी. माप माझं होतं. मालकानं कपाळाला हात लावला. नवीन करायला वेळ नव्हता, जत्रा पळत होती. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, “मग तूच निज आत.”

मी हो म्हटलं. का म्हटलं ते सांगते. दिवाळीच्या आधी माझ्या नवऱ्याचा हात डोलकाठीखाली सापडून मोडला होता. खळ लावून, बांबूच्या कामट्या बांधून तो घरात बसलेला. होडीवर जायचं बंद. माझ्या टोपलीवर चार माणसं जगत होती आणि पाचवी माझी यमी, पाच महिन्यांची, माझ्या अंगावर पिणारी. मालक दिवसाचा रोज देणार होता, आणि काम काय तर पडून राहायचं. मला वाटलं, उन्हात टोपली घेऊन फिरण्यापेक्षा हे सोपं.

आतली गंमत अशी की बाई पाण्यात नसतेच. पुढं दोन काचा, त्यांच्या मधे वीतभर पाणी. मासे तेवढ्यातच फिरतात. त्याच्यामागं कोरडी फळी, फळीवर वाळू आणि शिंपले, वर गॅसबत्ती. माणसाला वाटतं सगळंच पाणी. माझ्या पाठीमागं काळा पडदा, आणि त्याच्यामागं हातभर जागा, जिथं ट्रंका होत्या आणि यमीची झोळी बांधली होती. आयस तिच्याजवळ बसायची. मालकानं मला बजावलं, “हलायचं नाही, बोलायचं नाही, हसायचं नाही. डोळ्यांची उघडझाप चालेल. मत्स्यकन्येला वाचा नसते.” आणि एकदा शिवण घातली की दिवे लागेपर्यंत उसवायची नाही, कारण पुन्हा घालायला वेळ जातो.

पाय बांधलेले, पावलं शेपटाच्या टोकाला लावलेल्या कामट्यांच्या पंख्यात अडकवलेली. पहिल्या तासातच मुंग्या यायला लागल्या. नंतर पाय आहेत की नाहीत तेच कळेना. वरून गॅसबत्तीची आच. मुंगी चावली तरी खाजवायचं नाही. सकाळपासून पाणी प्यायचे नाही मी, कारण मोकळं व्हायला जाता येणार नव्हतं.

आणि काचेपलीकडून सगळं गाव बघत होतं. देवळाच्या आळीतली माणसं आली. माझी टोपली लांबून दिसली तरी जी तोंड फिरवतात ती काचेला नाक लावून उभी होती. एक शास्त्रीबुवा हात जोडून काहीतरी पुटपुटत होते. मला ओळखलं कुणीच नाही. तोंडाला पावडर होती हे खरं, पण कारण ते नाही. ओळखायला आधी कधी तोंडाकडं बघितलेलं असावं लागतं.

खेळ संपला, माणसं बाहेर गेली की मी तशीच पडल्या पडल्या यमीला घ्यायचे. आयस पडद्याखालून तिला सरकवायची. चार घोट पिऊन होईस्तोवर दुसरी माणसं आत. पुन्हा पडद्याखालून परत.

दुसऱ्या दिवशी गर्दी वाढली. एक घोळका बाहेर पडायच्या आत दुसरा आत घुसायला लागला, मधे वेळच राहिना. यमी भुकेली होती. आयसनं झोके दिले, बोट चोखायला दिलं, पण पोर ते पोर. खेळ ऐन रंगात असताना ती रडायला लागली. आधी कुरकुर, मग मोठ्यानं. तंबूतली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. “पोर कुठं रडतंय?” मी काचेमागं घामानं भिजले. आता मालक हाकलणार, माझ्या मनात तेवढंच.

मालक कसलेला माणूस. त्यानं हात वर केला आणि आवाज खाली आणला. म्हणाला, “शांत राहा. नशीबवान आहात. मत्स्यकन्या गाते आहे.”

पोर रडतंय आणि दोनशे माणसं कान देऊन ऐकताहेत. कुणी म्हणालं, “अगदी माणसाच्या लेकरासारखा आवाज.” मालक म्हणाला, “समुद्रात तिची पिल्लं राहिली आहेत. त्यांना साद घालते.” एका बाईनं डोळे पुसले. आणि माझ्या छातीतून दूध वाहायला लागलं, कारण त्याला काय ठाऊक की हा खेळ आहे. पोर रडलं की ते येतं. चोळी भिजली. काचेपलीकडच्यांना ते समुद्राचं पाणी वाटलं असेल.

त्या दिवशी तंबू ओसंडला. बाहेर एकच बोलणं, मत्स्यकन्या गाते. दिवे लागायच्या वेळी मालक मागं आला. माझा रोज हातावर ठेवला, वर थोडे जास्त ठेवले. मग विडी पेटवली आणि अगदी साधं काहीतरी सांगावं तसं बोलला.

“उद्यापासून खेळ चालू असताना पोरीला पाजू नकोस. एकदम संध्याकाळी पाज. आणि छातीला पट्टी घट्ट बांधून ये, ओल दिसते.”

मी काय बोलले माहीत आहे? काही नाही. मान हलवली.

हे मला सांगायचं आहे. बाकीचं सगळं मी शंभरदा सांगितलं आहे, कोळीवाड्यातल्या बायकांना, कुणी विचारलं तर, न विचारलं तरी. लोकांना उलट्या खवलांची गोष्ट आवडते, हसतात. पण हे मी सांगत नसे. मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी यमीला पोटभर पाजलं, छातीला लुगड्याची पट्टी करकचून बांधली आणि आत जाऊन पडले. दुपारपासून ती रडत राहिली आणि मी डोळ्यांची उघडझाप करत राहिले. माझ्यापासून दोन हातांवर, पडद्यामागं. छाती दगडासारखी झाली, काखेपर्यंत ठणका. संध्याकाळी तिला घेतलं तर तिला धड पिताही येईना, उचक्या येत होत्या. मी स्वतःला सांगितलं, आणखी थोडे दिवस. त्याचा हात बरा होईपर्यंत. मग संपलं.

एक दिवस असा. दुसरा दिवस असाच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आयस म्हणाली, “पोर सुकली गो. मना नाय जमाचं हे पाप. मी उद्यापासून येनार नाय.”

मी तिच्यावर ओरडले. म्हटलं, नको येऊ. घरात पैसा कोण आणतंय ते बघ आणि मग पाप-पुण्य शिकव. म्हातारी टोपली उचलून गेली. तिला उपाशी राहायची सवय होती, पण पोराला उपाशी ठेवायची नव्हती. हा फरक मला तेव्हा कळला नाही.

तिसऱ्या दिवशी यमीला मीच तंबूत घेऊन गेले. घरी नवरा एका हाताचा, आयस मासळी घेऊन बाजारात. मालकानं चंपाबाईला सांगितलं, “हिची पोरगी सांभाळ.” चंपाबाईनं तिला घेतलं. कशी घेतली ते मी बघत होते. नाकाला पदर लावला नाही.

त्या दुपारी रावसाहेबांचा खास खेळ होता. त्यांच्याकडं मुंबईची पाहुणेमंडळी आली होती, म्हणून बाकीच्यांना बाहेर ठेवलं. खुर्च्या मांडल्या. रावसाहेब मधोमध, हातात चांदीच्या मुठीची काठी. शेजारी पाहुणी बाई, गोरी, हातात लेस लावलेला रुमाल. मागं सूनबाई, मुलं, बंगल्यावरचा गडी.

रावसाहेब उठून काचेच्या बाजूला आले. फळीच्या कडेला, चौकटीला एक फट होती, तिथून काठी आत घातली आणि माझ्या पोटरीत खुपसली. “जिवंत आहे की भुसा भरलाय?” पाहुणे हसले. मी हलले नाही. पुन्हा एकदा खुपसली, जोरात. मालक हसत म्हणाला, “जिवंत आहे, रावसाहेब. नाजूक आहे.” काठी बाहेर गेली. जिताड्याची दोन खवलं तुटून वाळूवर पडली. या माणसाच्या ताटात तोच जिताडा आयस वर्षानुवर्षं पोचवत आली होती.

मग यमी रडायला लागली. वेळेवर. पोटात काही नव्हतं, ती रडणारच. मालकानं आवाज खाली आणला आणि समुद्रातल्या पिल्लांची गोष्ट सांगितली. मंडळी ऐकत होती. पाहुण्या बाईनं रुमाल डोळ्यांना लावला. “किती करुण गाते हो,” असं म्हणाली. मी छताकडं बघत पडले होते. पट्टी बांधलेली असून चोळीत ओल पसरत होती.

रडून रडून यमी थकली. आवाज बारीक होत गेला आणि थांबला. मला तेवढंच बरं वाटलं, की झोपली असेल.

रावसाहेबांनी काठी जमिनीवर आपटली. “वन्समोअर.”

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. “वन्समोअर, वन्समोअर.” नाटकातल्या नटीला म्हणतात तसं.

मालक “आता गाईल, आता गाईल,” म्हणत पडद्याच्या कडेनं मागं गेला. मी कान लावले. त्याच्या वहाणांचा आवाज आला, चंपाबाई हळू आवाजात “नको हो” म्हणाली तो आला. आणि मग यमीची किंकाळी.

ते भुकेचं रडणं नव्हतं. आईला कळतं. भुकेचं रडणं वर चढतं आणि खाली येतं, परत चढतं. हे एकदम वर गेलं आणि तिथंच श्वास कोंडला. चिमट्याचं. पुढं टाळ्या पडल्या.

मी कमरेशी हात नेला, सुताचं टोक बोटाला गुंडाळलं आणि ओढलं.

शिवण उसवत गेली, सरसर. माझी शिवण चांगलीच होती. खवलं फळीवर, वाळूत, काचेवर उडाली. पाहुणी बाई किंचाळली असं नंतर कुणी सांगितलं, मला काही ऐकू आलं नाही. उठायला गेले तर पायात जीव नव्हता, पडले. हातावर सरकत पडद्याखालून मागं गेले. पावलं अजून पंख्यात अडकलेली. यमी चंपाबाईच्या मांडीवर निळीजांभळी झालेली. मालक चवताळून पुढं आला, “वेडी झालीस काय? आत जा.” चंपाबाई पोरीला माझ्याकडं देत रडत होती. “मी नाही गं. मी नाही. यांनी.” मला दिसतच होतं कुणी ते. यमीच्या दंडावर दोन बोटांची खूण होती, लाल.

पट्टी सोडली, चोळी वर केली, तिला लावलं. ती आधी धरेना. मग धरलं. चंपाबाईनं खाली बसून माझी पावलं हातात घेतली आणि त्या कामट्यांतून एकेक सोडवली.

पायात जीव परत आला तशी मी उभी राहिले. मागच्या बाजूनं निघून गेले असते तर कुणी अडवलं नसतं. मी पुढं गेले. पोर अंगावर पीत असताना, तशीच, पडदा बाजूला करून खुर्च्यांसमोर. पावडर घामानं ओघळलेली, गळ्यात खोट्या मोत्यांच्या माळा.

म्हटलं, “गाणं हिचं होतं. दोन दिवस हिला दिवसा दूध दिलेलं नाय, म्हणून गात होती. वन्समोअर पायजे म्हणून हिला चिमटा काढला. आता ऐका, हिचं पिणं ऐका. हे पण गाणंच हाय.”

तंबूत फक्त तिच्या घोटांचा आवाज.

मला वाटत होतं, कुणीतरी एक शब्द बोलेल. ती पाहुणी बाई तरी. आताच तर रडली होती. तिनं माझ्याकडं नीट बघितलं, पायांकडं, लुगड्याच्या कासोट्याकडं, आणि डोळ्यांवरचा रुमाल नाकावर नेला. “अहो, ही तर कोळीण आहे.”

रावसाहेब मालकावर ओरडले, “लबाडी करता होय रे? तिकिटाचे पैसे परत कर सगळे.” त्यांना फसवलं गेलं याचा राग आला होता. मुलीला उपाशी ठेवलं याचं काही नव्हतं. मी तिथं उभी होते, तिचा दंड पुढं करून, खूण दिसावी म्हणून, आणि ते पैशाचं बोलत होते. तेव्हा मला लख्ख कळलं. या लोकांना काही दाखवून उपयोग नाही. यांनी बघायचं ठरवलं तेवढंच हे बघतात.

माळा तिथंच खुर्चीवर टाकल्या आणि घरी गेले.

नवरा दारात बसला होता. मी सगळं सांगितलं, मालक, चिमटा, रावसाहेब. तो ऐकत राहिला. मग एवढंच विचारलं, “दोन दिस भुकी ठेवलीस?”

“व्हय.”

“मना का नाय सांगितलंस?”

मी यमीला त्याच्यापुढं धरलं. त्यानं चांगल्या हातानं यमीला घेतलं आणि आत गेला. त्यानं शिवी दिली असती, मारलं असतं, तर मी रडून मोकळी झाले असते.

रात्री आयस आली. बंगल्यावरच्या गड्यानं निरोप दिला होता, उद्यापासून मासळी आणू नको. वीस-बावीस वर्षांचं गिऱ्हाईक गेलं. मला वाटलं आता बोलेल. म्हातारी म्हणाली, “पाजलीस ना पोरीला? मग जेव.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी यमीला पाजलं. पोटभर. मग टोपलीत बोंबील आणि बांगडे भरले, यमीला झोळीत घालून पाठीला बांधलं आणि निघाले. केवड्याच्या वाटेला लागले. दहा पावलं गेले असेन. पाय दुखत होते, कामट्यांनी घोटे सोलवटले होते, त्यात वाळू जात होती. मी थांबले. कशासाठी जातेय मी इकडून? ज्यांनी तिकीट काढून मला बघितलं, त्यांच्या दारावरून चालायचं नाही म्हणून?

वळले आणि देवळाच्या आळीत शिरले.

धीटपणानं शिरले असं कुणी समजू नये. भीत भीतच चालले. ओट्यावरची माणसं उठून उभी राहिली. कुणीतरी दार लावून घेतलं. शास्त्रीबुवा तोंड फिरवून भिंतीकडं बघत राहिले, तेच, काचेसमोर हात जोडणारे. बंगल्यापाशी गडी आडवा आला. “ए, कोळणीचा रस्ता तिकडून.”

म्हटलं, “काल आणा देऊन बघायला आला होतात. आज फुकट बघा.”

तो काही म्हणायच्या आत पाठीवर यमी रडायला लागली. रावसाहेब गॅलरीत आले होते. मी टोपली उतरवली. बंगल्याच्या पुढच्या दाराला तीन पायऱ्या आहेत, काळ्या दगडाच्या, हे मला त्या दिवशी कळलं. खालच्या पायरीवर बसले आणि पोरीला घेतलं. गडी वर बघायचा, खाली बघायचा. रावसाहेब म्हणाले, “उठव तिला.” गडी पुढं आला आणि थांबला. पाजत्या बाईला हात कसा लावणार? पुन्हा वरून आवाज आला. पुन्हा तो थांबला.

मी घाई केली नाही. एक बाजू झाली, दुसरी लावली. तिनं स्वतः तोंड सोडलं तेव्हा उठले, टोपली डोक्यावर घेतली आणि आळीतून बाजारात गेले. त्या दिवशी माझ्याकडून मासळी थोड्यांनीच घेतली. दुसऱ्या दिवशी मी तिथूनच गेले. तिसऱ्या दिवशी एकानं दगड मारला, टोपलीला लागला. चौथ्या दिवशी आयस माझ्या मागं होती, तिची टोपली घेऊन. कोळीवाड्याच्या पंचांनी मला बोलावून समज दिली, म्हणाले जातीचं हसं झालं, आता गावाशी वैर कशाला? मी ऐकून घेतलं आणि सकाळी तिथूनच गेले.

दमले मी हे सांगून. सांगितलं की मन हलकं होतं म्हणतात, माझं होत नाही. यमी आता स्वतः पोरांची आई आहे. तिला मी सगळं सांगितलं आहे, ते दोन दिवसही. तिनं माफ केलं का, मी विचारलेलं नाही आणि विचारणार नाही. ते दिवस माझे आहेत. रावसाहेब वाईट, मालक वाईट, हे तर आहेच. पण मान मी हलवली होती.

म्हणून घरात मी एक ठरवून टाकलं आणि सुनांना, लेकींना बजावून ठेवलं. आपल्या पोराचं रडणं कुणाला द्यायचं नाही. कुणी त्याला गाणं म्हटलं तरी नाही, चूल थंड पडली तरी नाही. पोर रडलं की हातातलं टाकायचं आणि उठायचं. समोर कोण बसलंय ते बघायचं नाही. शिवण उसवायची आणि उठायचं.